वहिनीच्या सासूबाई बऱ्या आहेत

चोवीस वर्षं मी वहिनी होते. घरात मला सख्खा दीर नाही, त्यामुळे हे नातं मला मिळालं ते थेट रेडिओवर. रोज संध्याकाळी साडेसहाला शहरातल्या केंद्रावरून खेड्यापाड्यांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, अजूनही लागतो. त्यात एक दादा आणि एक वहिनी गप्पा मारतात. भाताचं बियाणं, गुरांची लस, बाळाचं वरचं खाणं, बचत गट, रानभाज्या, काहीही. दादा विचारतो, वहिनी सांगते. मधे एक गाणं आणि शेवटी श्रोत्यांची पत्रं.

माझं नाव त्या चोवीस वर्षांत एकदाही रेडिओवरून गेलं नाही. तसा नियमच होता. दादा म्हणजे दादा आणि वहिनी म्हणजे वहिनी. माझ्याआधीही एक वहिनी होती. ती शुक्रवारपर्यंत बोलली आणि सोमवारपासून मी बोलले. 'नमस्कार मंडळी, मी तुमची वहिनी' असं मीही अगदी तिच्यासारखंच म्हटलं. ती कोण होती, कुठे गेली, तिला काय वाटलं असेल, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. मी एकतीस वर्षांची होते आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. आता तिची आठवण आली की लाज वाटते.

कागदोपत्री मी 'नैमित्तिक' होते. म्हणजे काम असलं की बोलवायचं आणि नसलं की विसरायचं. दर महिन्याला केंद्राकडून एक पत्र यायचं, अमुक तारखांना हजर राहावे. किन्हवलीजवळच्या आमच्या गावातून निघून मी पाच-सहा दिवस जायचे आणि महिनाभराचं बोलून यायचे. केंद्राच्या फाटकावर पाहुण्यांची वही असते. नाव, गाव, वेळ, कोणाला भेटायचे. चोवीस वर्षं मी त्या वहीत सही करून आत गेले. कायमची माणसं मान हलवून आत जायची आणि मी रांगेत, पेन दोरीला बांधलेलं, ते ओढत लिहीत उभी. एकदा वैतागून 'कोणाला भेटायचे' या रकान्यात मी 'वहिनीला' असं लिहिलं. रखवालदाराने ते वाचलंही नाही. त्याने नेहमीप्रमाणे 'अभ्यागत' असं लिहिलेला बिल्ला माझ्या हातात ठेवला.

पण गोष्ट माझी नाही, सासूबाईंची आहे. तेव्हा त्यांच्यापासूनच सुरू करते.

सुरुवातीच्या दिवसांत मला कृषी खात्याची माहितीपत्रकं द्यायचे आणि त्यावरून संवाद लिहायला सांगायचे. ती भाषा अशी, की वाचताना माझीच झोप लागायची. एकदा घरी ओटीवर बसून मी मोठ्याने वाचत होते. बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवावे, तरंगणारे बी काढून टाकावे वगैरे. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ते आमी आईच्या पोटातून शिकून आलो. ह्या कागदवाल्याला सांग, काढलेलं बी कोंबड्यांना घालायच्या आदी दोनदा धुव म्हनावं. मीठ जातं पोटात."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. दादाने विचारलं आणि मी म्हटलं, "आमच्या सासूबाई म्हणतात, बी दोनदा धुवा, नाहीतर कोंबड्या तुमच्या नावाने ओरडतील." त्या आठवड्यात जितकी पत्रं आली तितकी त्याआधीच्या सहा महिन्यांत आली नव्हती. सगळ्यांचा एकच सूर. सासूबाईंना विचारा. आमचा आंबा मोहर धरत नाही, सासूबाईंना विचारा. सून माहेरी जाऊन बसली आहे, सासूबाईंना विचारा.

तेव्हापासून वहिनीपेक्षा वहिनीची सासू मोठी झाली. सासूबाईंना त्याचं अप्रूप नव्हतं, पण बारीक लक्ष होतं. साडेसहाला त्या ओटीवर खांबाला टेकून बसायच्या आणि स्वतःलाच ऐकायच्या. एकदा विषय अपुरा पडला म्हणून मी त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं, की पोरांना सकाळी उपाशी शाळेत पाठवू नये. वाक्यात चूक काहीच नव्हती. घरी आले तर बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी असं बोलली कदी? माजा नवरा, माजी पोरं, समदी उपाशीच गेली. घरात नसायचं काय. लोकांना वाटंल, बघा कशी मिजास करते."

मग ठरलं. लिहिलेला प्रत्येक संवाद आधी सासूबाईंना वाचून दाखवायचा. त्या 'हां' म्हणाल्या की मगच तो केंद्रावर न्यायचा. तिथे एक साहेब तो तपासायचे आणि लाल पेनाने काहीतरी बदलल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. पण खरी तपासणी ओटीवर झालेली असायची. जी बाई शाळेची पायरी चढली नव्हती, तिने माझी अठरा वर्षांची पानं तपासली आणि एकही खोटा शब्द स्वतःच्या नावावर जाऊ दिला नाही.

एकदा लावणीच्या दिवसांत मी सहज म्हणून गेले, की सासूबाईंचे गुडघे धरलेत. झालं. तेलं, लेप, काढे, अंगारे, काय काय आलं. त्यात मुरबाडच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक पुडी आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सावलीत वाळवलेला निरगुडीचा पाला. वरच्या पत्त्यावर कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'वहिनीच्या सासूबाई, रेडिओ केंद्र.' पोस्टाने तेवढ्यावर ती पोचवली, याचं मला अजून नवल वाटतं. आतल्या चिठ्ठीत होतं, पाण्यात उकळून शेक द्या, दिवाळीला परत पाठवते. आणि दर दिवाळीला ती पुडी यायची. सासूबाई शेक घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई कोन हाय ती? हिच्या हाताला गुन हाय." मी रेडिओवर तिला सांगायचे, मावशी, पाला पोचला, सासूबाई उठून बसल्या.

सहा वर्षांपूर्वी भाद्रपदात सासूबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप आणि खेळ संपला. तेराव्याला दादा आला होता. रेडिओवरचा दादा. पंगतीत बसून जेवला, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आपली आई गेली हो." त्याचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी केंद्रावर गेले ती एक पान लिहून घेऊन. पहिल्यांदाच न तपासलेलं पान. त्यात काही रडारड नव्हती. सासूबाई गेल्या, त्यांचं बोलणं तुमच्याकडे राहिलं आहे, पाला पाठवणाऱ्या मावशींनी आता पाठवू नये, इतकंच. साहेबांनी ते वाचलं आणि पानभर तिरकी लाल रेघ ओढली. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'वहिनीच्या घरी मृत्यू नको. कार्यक्रम प्रसन्न असावा.' मग चष्मा काढून मला समजावलं, की लोक दिवसभर राबून रेडिओ लावतात, त्यांना कशाला दुःख द्यायचं. आणि सासूबाई म्हणजे कार्यक्रमाचा कणा. पत्रं त्यांच्यामुळे येतात. तेव्हा सासूबाई आहेत तशाच राहू देत.

"म्हणजे कशा?" मी विचारलं.

"म्हणजे जिवंत," साहेब म्हणाले.

मी त्या खोलीतून उठून जायला हवं होतं. त्या पानाचे तुकडे त्यांच्या टेबलावर टाकून यायला हवं होतं. मी गेले स्टुडिओत, कानाला हेडफोन लावला, समोर लाल दिवा लागला आणि मी म्हटलं, "आमच्या सासूबाई म्हणतात…" पुढच्या महिन्याचं पत्र मला हवं होतं. दुसरं कारण नाही. मी स्वतःला बरीच कारणं सांगून पाहिली, एकही टिकलं नाही.

आणि एकदा म्हटल्यावर मग थांबायचं कुठे? पुढची सहा वर्षं मी मेलेल्या बाईला बोलायला लावलं. ओटीवर तपासायला आता कोणी नव्हतं. साहेब सांगतील ते सासूबाई म्हणायला लागल्या. त्यांनी नव्या संकरित वाणाचं कौतुक केलं, जे त्यांनी जन्मात शेतात घेऊ दिलं नव्हतं. त्यांनी मिक्सरवर चटणी वाटायला सांगितली. त्यांनी एकदा तर योगासनं करायला सांगितली. दिवाळीला पुडी येतच राहिली. मी ती घरी आणायचे, टाकवत नव्हती. शेवटी माझेच गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून पाला उकळून मीच शेक घेतला. आणि रेडिओवर सांगितलं, मावशी, सासूबाईंना आराम पडला.

या सहा वर्षांत साडेसहा वाजले की नवरा गोठ्यात जायला लागला. गोठ्यात तेव्हा गुरं नव्हती, आम्ही ती कधीच विकली होती.

मी मनाशी एक ठरवलं होतं. कधीतरी मी सोडेन, तेव्हा शेवटच्या भागात निरोप घेताना सगळं सांगून टाकेन. निरोपाला कोण अडवणार? चोवीस वर्षं बोललेल्या बाईला पाच मिनिटं देतीलच की. या एका भरवशावर मी स्वतःला माफ करत आले.

मग एक नवीन साहेब आले. वयाने तरुण, बोलायला गोड, प्रत्येकाला चहा विचारणारे. त्यांनी सगळ्या नैमित्तिक माणसांची परत आवाजाची चाचणी ठेवली. चोवीस वर्षांनी. काचेपलीकडे तिघं बसले होते, त्यांतली एक मुलगी माझा आवाज ऐकून मोठी झाली असेल इतकी लहान. मला वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला दिला. माझं वाचून झाल्यावर काचेपलीकडचा ध्वनिक्षेपक चुकून चालू राहिला आणि मला ऐकू आलं, "आवाजात वय जाणवतं. ही वहिनी नाही वाटत, आजी वाटते."

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. त्याच्या आवाजात त्यांना अनुभव जाणवला.

मला कोणी काढलं नाही. हे नीट ध्यानात घ्या. काढायला आधी ठेवावं लागतं. पुढच्या महिन्याचं पत्र आलं नाही, एवढंच झालं. मी आठ दिवस वाट पाहिली, पोस्टमनला दोनदा विचारलं, मग फोन केला. तिकडून उत्तर आलं, "नवीन वहिनी सुरू झाल्यात ना."

मी केंद्रावर गेले. वहीत सही केली, बिल्ला लावला. नव्या साहेबांनी चहा मागवला. मी म्हटलं, मला परत काम नको, मला फक्त निरोपाची पाच मिनिटं द्या. तीही नको असतील तर तीन द्या.

ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "निरोप कोणाचा, ताई? वहिनी कुठे चालली आहे? वहिनी आहेच."

"मी चाललेय."

"हो, पण तुम्हाला श्रोते ओळखतच नाहीत ना. ते वहिनीला ओळखतात." त्यात कुत्सितपणा नव्हता, हेच जास्त लागलं. हिशोब सोपा होता आणि तो त्यांना स्पष्ट दिसत होता. "तुम्ही निरोप घेतलात तर लोकांना वाटेल कार्यक्रम बंद होतोय. उगाच गोंधळ."

मग मी सासूबाईंचं सांगितलं. त्या सहा वर्षांपूर्वी वारल्या आहेत, हे तरी निदान जाहीर करा. साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "अहो, पण आमच्याकडे तर त्यांचं पुढच्या दिवाळीपर्यंतचं साहित्य तयार आहे," ते म्हणाले. माझीच जुनी पानं. कपाटात वर्षवार लावून ठेवलेल्या फायली. नवीन मुलीला त्या वाचायला दिल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. मी रेडिओ लावला. एक गोड, स्वच्छ, शहरात धुतलेला आवाज म्हणाला, "नमस्कार मंडळी, मी तुमची वहिनी." आणि जरा वेळाने, "आमच्या सासूबाई म्हणतात, बी दोनदा धुवा, नाहीतर कोंबड्या तुमच्या नावाने ओरडतील."

नवरा दारात उभा होता. गोठ्यात गेला नव्हता. त्याने पूर्ण कार्यक्रम उभ्यानेच ऐकला आणि म्हणाला, "तुझं जाऊ दे. आईला तरी सोडवून आण तिकडून."

मला त्याचा राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

मी पत्रं लिहिली. एक, दोन, पाच. दादाला फोन केला. तो म्हणाला, "माझंही पत्र महिन्याचंच आहे, तुला माहीत नाही का?" मला माहीत होतं. त्याच पत्रापायी मी काय केलं, तेही माहीत होतं. म्हणून मी फोन ठेवून दिला.

मग हिवाळ्यात रेडिओवर जाहीर झालं, की येत्या शनिवारी मुरबाडला श्रोत्यांचा मेळावा आहे. दादा आणि वहिनी प्रत्यक्ष भेटणार, श्रोत्यांशी बोलणार. मुरबाड माझ्या माहेराजवळचं. मी नवऱ्याला सांगितलं, मी जाते आणि माईक मागून घेते. भर सभागृहात सांगते. बघू कोण लाल रेघ ओढतो. त्याने माझी पिशवी भरून दिली, त्यात पाण्याची बाटली ठेवली. किन्हवलीहून मुरबाडची एसटी मिळाली आणि वाटेत मी ती चार वाक्यं इतक्या वेळा मनात म्हटली, की शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

मंगल कार्यालय भरलं होतं. बायाच जास्त. मी तिसऱ्या रांगेत बसले. मला कोणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. स्टेजवर दादा आणि नवी वहिनी. मुलीला त्यांनी नऊवारी नेसवली होती, नथ घातली होती, केसांत गजरा. आमच्या भागात भाताच्या बांधावर नथ घालून कोण जातं, देव जाणे. दादाची नजर रांगांवरून फिरत माझ्यापाशी आली, थांबली आणि चटकन छताच्या पंख्याकडे गेली.

भाषणं झाली. मग श्रोत्यांमधून माईक फिरायला लागला. बाया उठून विचारायच्या आणि मुलगी गोड हसून उत्तर द्यायची, जिथे अडायची तिथे दादा सावरून घ्यायचा. पहिल्याच रांगेतून एक म्हातारी उठली. बारीक अंगाची, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात वर्तमानपत्राची पुडी. मी ती पुडी लांबूनच ओळखली.

तिला माईक धरता येईना, तो तिने छातीशी धरला. "वयनी, मी पाला धाडते ती. येवढ्या वर्सांत तू दिसली, बरं वाटलं. सासू कशी हाय गो? गुडगं कशे हायत तिचे?"

मुलीने दादाकडे पाहिलं. तिच्या फायलीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मला वाटलं, आता. आता दादा बोलेल. तो आमच्या पंगतीत जेवला होता.

दादाने माईक तोंडाजवळ घेतला आणि त्या सुंदर, अनुभवी आवाजात म्हणाला, "एकदम ठणठणीत आहेत मावशी! तुमच्या पाल्याने धावायला लागल्यात."

लोक हसले, टाळ्या पडल्या. म्हातारी स्टेजपाशी गेली आणि तिने पुडी मुलीच्या हातात दिली. मुलगी वाकून तिच्या पाया पडली.

माईक फिरत आमच्या रांगेत आला. शेजारच्या बाईने तो माझ्या हातात दिला. मी उभी राहिले. चार वाक्यं तयार होती. स्टेजवरची मुलगी माझ्याकडे बघत होती, तेच हसू तोंडावर ठेवून, पण हातातली पुडी तिने घट्ट आवळून धरली होती. नव्या वहिनीला पहिला मेळावा पार पाडायचा होता. तिचंही पत्र महिन्याचं. ती शुक्रवारी बोलेल आणि सोमवारी दुसरी कोणी बोलेल, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर साहेबांचं काही बिघडलं नसतं, दादाने सावरून घेतलं असतं. फजिती झाली असती ती त्या पोरीची, चारशे बायांसमोर, आणि त्या म्हातारीची. मी माईक पुढच्या बाईला दिला आणि खाली बसले.

याला कोणी समजूतदारपणा म्हणू नये. मला ते तेव्हाही वाटलं नाही. लाल रेघ ओढायला आता साहेबांची गरज उरली नव्हती, एवढंच मला कळलं.

बाहेर पडले ती तडक एसटी स्टँडवर आले. बाकावर ती म्हातारी बसली होती, एकटीच. मी म्हटलं, "मावशी, जरा सरकता का?"

ती सरकली नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदूची पांढरी झाक होती. "परत बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"कायपन. बोल."

मी काय बोलणार? कार्यक्रम संपताना मी रोज एक वाक्य म्हणायचे. एका बाईने कळवलं होतं, की ऐकण्याच्या नादात तिचा भात करपला, तेव्हापासून. ते कुठल्या फायलीत लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "उठा आता, चुलीवरचं बघा."

तिने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. "मंग ती पोरगी कोन?"

"ती आत्ताची वहिनी. मी आधीची."

"मला वाटलंच. दोन महिनं म्हनत होती मी, वयनीला सर्दी झालीया. कोन आयकंना." ती हसली. तोंडात दोनच दात होते. मग ओघानेच तिने विचारलं, "सासू मंग तुजी का तिची?"

"माझी."

"बरी हाय ना?"

समोर एक एसटी येऊन लागली, लोक चढायला धावले. मी म्हटलं, "मावशी, सासूबाई गेल्या. सहा वर्षं झाली. भाद्रपदात."

माझं मनगट तिने सोडलं नाही. तिचे ओठ हलत होते, ती वर्षं मोजत असावी. "मंग माजा पाला?"

"माझ्या गुडघ्यांना लावला."

"लागला ना कोनाला तरी," ती म्हणाली. आणि मग एकदम तिचा आवाज चढला. "पन सांगितलं का नाय गो तू? सा वर्सां! आमी तिचं नाव घेऊन घास गिळत होतो. आमच्या पाड्यात बाया म्हनत्यात, वयनीच्या सासूनं असं सांगितलंय. आपल्या मानसाचं मेलेलं आयकलं का डोक्यावरून पानी घ्यायचं असतं. तेवडं तरी करू द्यायचं होतं."

"सांगू दिलं नाही मला."

"तोंड तुजं होतं ना?"

मला रडू आलं, सासूबाई गेल्या तेव्हा आलं नव्हतं इतकं. तिने मला रडू दिलं. समजूत काढली नाही. तिची एसटी लागली तशी ती उठली, लुगडं झटकलं. "आज घरी गेली का चुलीला शिवायच्या आदी आंगोळ करते," ती म्हणाली. "आनी पाड्यातल्या समद्यांना सांगते. त्यांनी पन करायला पायजे. उशीर झाला तरी करायची आसते." मग पायरीवर एक पाय ठेवून परत वळली आणि म्हणाली, "पाला आता तुज्या नावानं धाडीन. कुठं धाडू?"

मी तिला माझं नाव सांगितलं. गाव सांगितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एका श्रोत्याला.

घरी नवऱ्याने विचारलं, "सांगितलंस?"

"एका बाईला," मी म्हटलं. त्याने मला पाणी आणून दिलं.

बुधवारी साडेसहाला मी रेडिओ लावला. मेळाव्याचं कौतुक झालं, एक गाणं झालं. मग तो स्वच्छ आवाज म्हणाला, "आणि बरं का मावशी, तुमचा पाला सासूबाईंना दिला हं. शेक घेतला आणि आज सकाळी अंगणात दोन फेऱ्या मारून आल्या."

नवऱ्याने बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. मुरबाडपलीकडे त्या पाड्यावर या वेळी रेडिओ लागलेला असतो. तिथल्या बायांनी शनिवारीच सासूबाईंच्या नावाने डोक्यावरून पाणी घेतलं होतं, आणि त्या आता हे ऐकत होत्या.